रेघ नंतर

अर्वायखेरच्या शाळेत छत्तीस संगणक आले,
कोरियातल्या कुठल्याशा विमा कंपनीनं टाकून दिलेले.
पाठीवर अजून त्यांच्या टेबलांचे नंबर,
एकाच्या वाळल्या डिंकात अडकलेला कुणाचा तरी लांब केस.
आवाज नाही, नेटवर्क नाही, पडद्यावरची माणसं बसकी, रुंद,
आणि उपकरणांच्या यादीत जिथं तिथं पिवळे त्रिकोण.

प्रत्येकाला चार ड्रायव्हर.
प्रत्येक ड्रायव्हर घातला की यंत्र म्हणतं,
आता मला एकदा मरू दे.

पहिल्या दिवशी मी हातानंच केलं.
पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे.
काय मान्य केलं ते वाचलं नाही, कोण वाचतं.
संध्याकाळपर्यंत पाच झाले.
मुख्याध्यापक बाझारसाद दारात उभं राहून मोजून गेले,
काही बोलले नाहीत, आणि तेच लागलं.

दुसऱ्या रात्री स्क्रिप्ट लिहायला बसले.
एवढंच तर हवं होतं:
मेलेला उठला की त्याला कळावं,
आपण कुठवर आलो होतो.
त्यासाठी एक फाईल, तीत एक आकडा.
डोळे उघडलेस की आधी हे वाच.
दोन दिसला तर तीनपासून धर.

साडेअकराला वीज गेली.
बाहेर उणे एकतीस, आत माझा श्वास मला दिसत होता.
वीज आली तेव्हा नऊ यंत्रं छातीठोक सांगत होती
आवाज घातलाय म्हणून.
आवाज नव्हता.
मी आकडा आधी लिहीत होते, काम नंतर.

मग उलटं केलं. काम आधी, आकडा नंतर.
तर सतरा नंबर
ग्राफिक्स घालायचा आणि मला विचारल्याशिवायच निजायचा,
आकडा लिहायच्या आत.
उठायचा, फाईल वाचायचा: एक.
पुन्हा ग्राफिक्स, पुन्हा काळोख, पुन्हा एक.
पहिले पाढे पंचावन्न.
त्याच्या तोंडावर तोच निळा उजेड येत-जात राहिला,
मी समोर बसून खारट चहा गार करत होते.

तळघरातून सेव्जिद वर आली, बॉयलरवाली,
कोपरापर्यंत काळी.
भिंतीवर खडूनं रेघा ओढते ती, फावड्यागणिक एक.
मी विचारलं, रेघ आधी की कोळसा आधी?
ती म्हणाली, कोळसा. रेघेनं ऊब येते होय?
आणि टाकलास आणि रेघ राहिली, तर?
तर एक फावडं जास्त, म्हणाली. दोनदा टाकल्यानं
कुणी गारठून मेलंय का?
मग माझा चहा पिऊन टाकला तिनं, थंडच.

ती गेल्यावर प्रत्येक पायरीच्या डोक्यावर
मी एक प्रश्न बसवला:
आहे का आधीच? असेल तर गुमान पुढं चाल.
आणि ड्रायव्हरांना बजावलं, मरायचं कधी
ते तुम्ही ठरवायचं नाही.

पहाटे चारला खोलीभर पंखे घुमत होते.
कुणी दुसऱ्यांदा उठत होतं, कुणी चौथ्यांदा,
ज्याची त्याची गत वेगळी,
आणि मला कुठलंही बटण दाबायचं नव्हतं.
हातांना काय करावं ते कळेना. मोजे घातले.

शेवटची ओळ मात्र विसरलेच होते:
सगळं झालं की, बाई,
उठल्याबरोबर तुला हाक मारणाऱ्या त्या यादीतून
आपलं नाव खोड.
नाहीतर रोज सकाळी ही पोरांच्या आधी जागी होईल
आणि झालेलं काम पुन्हा पुन्हा विचारत बसेल.

आठ वाजता चौथीची मुलं आली, टोप्यांवर दव गोठलेलं.
तेमुलेननं कुठूनसा घोड्याच्या टापांचा आवाज शोधला,
एकदम मोठ्यानं लावला, बाई ओरडल्या.

सतरा नंबरवर एक त्रिकोण राहिलाच आहे.
अनोळखी उपकरण, एवढंच लिहितो तो.
काय आहे आत, मला माहीत नाही,
विमा कंपनीला माहीत असेल.
फाईल मी पुसलेली नाही. तीत चार लिहिलंय.